भुताची जबानी

माझा भाचा लंडनला शिकतो. चवथीला घरी आला तेव्हा बॅगेतून एक दुमडलेलं पुस्तक काढून म्हणाला, "मामा, हे तू वाच. यात तुझ्यासारखाच एक सरकारी माणूस आहे." नाव होतं 'रिव्हर्स ऑफ लंडन', लेखक बेन आरोनोविच, प्रकाशन २०११. मला आधी वाटलं टूरिस्ट लोकांसाठीचं काहीतरी असेल. नद्या, पूल, बोटीतून फेरफटका वगैरे. निघाली भुतांची कादंबरी. आणि भाच्याचं म्हणणं खरं होतं.

नायक पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलिसांतला नवखा शिपाई. आई सिएरा लिओनहून आलेली, ऑफिसं साफ करण्याचं काम करणारी. वडील जॅझ वाजवणारे. प्रोबेशन संपत आलेलं आहे आणि आता नेमणूक कुठे होते याची धाकधूक. सोबतच्या मुलीला खुनांचा तपास करणारं पथक मिळणार. याच्या नशिबी येणार एक असा विभाग, जिथे बसून बाकीच्या पोलिसांचे कागद भरायचे! म्हणजे चक्क कारकुनी. पुस्तकात हे संकट असं रंगवलंय की जणू माणसाच्या आयुष्यात याहून वाईट काही होऊच शकत नाही. वीस वर्षं आवक-जावक आणि टिपण्या लिहिण्यात घालवलेला मी, ते वाचून हसावं की रडावं मला कळेना.

त्याची सुटका करतं ते एक भूत. जानेवारीतल्या थंडीच्या रात्री कोव्हेंट गार्डनच्या चौकात एका माणसाचं डोकं कुणीतरी एका फटक्यात उडवलेलं असतं. तिथे पहारा द्यायला हे दोघं उभे. मुलगी कॉफी आणायला जाते आणि चर्चच्या खांबांआडून एक जुनाट कपड्यातला इसम पुढे येऊन म्हणतो की खून मी पाहिला. बोलता बोलता लक्षात येतं की साक्षीदार मेलेला आहे, तोही बऱ्याच वर्षांपूर्वी. आता दुसऱ्या कुठल्याही भूतकथेत नायकाची बोबडी वळली असती. हा गडी काय करतो? वही काढतो आणि जबानी घ्यायला लागतो. नाव काय, कुठे उभे होतात, काय पाहिलंत.

इथे मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो. इतकं आवडलं मला ते. साक्षीदार जिवंत असावा असं कुठल्या नियमात लिहिलंय?

वाचकहो, ती जागा लेखकाने उगीच निवडलेली नाही. चौकातलं ते चर्च म्हणजे सेंट पॉल. मोठ्या घुमटाचं कॅथीड्रल नव्हे, हे वेगळं. इनिगो जोन्स या वास्तुविशारदाने बांधलेलं हे चर्च १६३३ साली पुरं झालं आणि पुढे ते 'नटांचं चर्च' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आजूबाजूला नाटकगृहं, त्यामुळे नटांच्या स्मृतिशिला भिंतींवर. याच चौकात ९ मे १६६२ रोजी सॅम्युअल पेपीस नावाच्या सरकारी नोकराने (आरमाराच्या खात्यात होता, म्हणजे आपल्याच जातीचा!) एका इटालियन माणसाचा बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि घरी जाऊन डायरीत नोंद केली. इंग्लंडात 'पंच' या बाहुल्याची सापडणारी ही पहिली नोंद. पंच म्हणजे तो बाकदार नाकाचा, किनऱ्या आवाजाचा बाहुला, जो बायकोला मारतो, तान्ह्या पोराला फेकून देतो, शिपायाला बडवतो आणि शेवटी फाशी देणाऱ्यालाच फासावर चढवतो. आणि हे सगळं मुलांना दाखवायचं. कादंबरीतले खून याच खेळाच्या क्रमाने होत जातात. जास्त सांगत नाही, रहस्यकथेचं रहस्य फोडणं पाप आहे.

पण एक सांगतो, कारण ते कादंबरीतलं नाही, इतिहासातलं आहे. १७३५ साली जवळच्याच ड्रुरी लेन नाटकगृहात चार्ल्स मॅक्लिन या नटाने एका केसांच्या टोपावरून झालेल्या भांडणात थॉमस हॅलम या दुसऱ्या नटाच्या डोळ्यात काठी खुपसली. हॅलम मेला. मॅक्लिनवर ओल्ड बेली कोर्टात खटला चालला, सदोष मनुष्यवधाचा ठपका आला, पण फाशी काही झाली नाही. उलट पुढे १७४१ मध्ये त्याने शायलॉकची भूमिका अशी केली की लंडन वेडं झालं, आणि तो १७९७ पर्यंत जगला. आज ड्रुरी लेनमध्ये ज्या भुतांच्या गोष्टी सांगतात त्यांत एक भूत या मॅक्लिनचं. मारला गेला हॅलम, आणि भटकत राहिला मारणारा. आपल्याकडे उलट असतं.

खटल्याची ती हकीकत आज कुणालाही वाचता येते. ओल्ड बेलीतल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या १,९७,००० हून अधिक खटल्यांच्या हकिकती इंटरनेटवर ठेवलेल्या आहेत. त्यात मोलकरणी आहेत, खिसेकापू आहेत, दूधवाल्या आहेत. ज्यांचं नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर राहिलं नसतं, त्यांचं बोलणं राहिलं, कारण कुणीतरी कोर्टात बसून ते उतरवून घेतलं. शहराची भुतं अशी तयार होतात असं मला वाटतं. लिहून घेणारा असावा लागतो.

अशा कथांचा जन्मच मुळी एका लिहून घेणाऱ्यापासून झालाय. आयर्लंडमधल्या डब्लिनचे लेखक शेरिडन ल फानू यांनी १८७२ साली 'इन अ ग्लास डार्कली' हा कथासंग्रह काढला. त्यातले डॉक्टर हेसेलियस हे भुताखेतांच्या प्रकरणांचा वैद्यकीय पद्धतीने छडा लावणारे पहिल्या काही जणांपैकी. पण कथा सांगतो कोण? त्यांचा सेक्रेटरी. बिचारा शिकला होता सर्जन व्हायला, पण चिरफाडीच्या सुरीने झालेली जखम चिघळून बोटं गेली, मग दुसऱ्याच्या कागदपत्रांची व्यवस्था लावत बसला. त्यातल्या 'ग्रीन टी' नावाच्या कथेत एका पाद्र्याला एक लहानसं काळं माकड छळतं. ते त्याला पहिल्यांदा दिसतं कुठे, तर रात्रीच्या घोडाबसमध्ये, समोरच्या कोपऱ्यात. पडका वाडा नाही, स्मशान नाही, सार्वजनिक वाहन. भूत शहरात राहायला आलं ते असं.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८८२ मध्ये, लंडनमध्ये खरोखरच अशा गोष्टींची चौकशी करणारी संस्था निघाली, 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'. तिने १८८४ च्या अखेरीस रिचर्ड हॉजसन नावाच्या तरुणाला कुठे पाठवलं असेल? आपल्या मद्रासला. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत मादाम ब्लाव्हॅट्स्की यांच्याकडे हिमालयातल्या महात्म्यांची पत्रं आपोआप येतात म्हणे, त्याचा तपास करायला. हॉजसनने साक्षी घेतल्या, हस्ताक्षरं तपासली, जागेचा नकाशा काढला आणि १८८५ च्या अहवालात बाईंना लबाड ठरवलं. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या तपासातल्या चुका दाखवणारा लेख आला. फाईल बंद झाली असं आपण म्हणतो, पण ती कधी बंद होत नाही.

पुढची पिढी मासिकांतली. १८९८ साली 'पिअरसन्स मॅगझिन'मध्ये फ्लॅक्समन लो या भूतशोधकाच्या कथा येऊ लागल्या. लेखक होते आई आणि मुलगा, केट आणि हेस्केथ प्रिचर्ड, टोपणनावाने लिहीत. हा हेस्केथ जन्मला कुठे, तर १८७६ साली झाशीला. बाप फौजेत होता, मुलगा जन्मण्याआधीच तापाने गेला, आणि आई पोराला घेऊन इंग्लंडला परतली. झाशीचं नाव असं अनपेक्षित जागी भेटलं की मराठी माणसाला थांबावंच लागतं. त्यानंतर १९१० मध्ये विल्यम होप हॉजसनचा (हा दुसरा हॉजसन) कार्नाकी आला. हा भूत पकडायला कॅमेरा नेतो आणि विजेच्या नळ्यांची चांदणी भोवती मांडून आत बसतो. याच्या काही प्रकरणांत खरं भूत निघतं, काहींत माणसाची लबाडी, आणि शेवटपर्यंत वाचकाला कळत नाही यावेळी काय. मला हा फार आवडतो. त्याचा लेखक १९१८ च्या एप्रिलमध्ये महायुद्धात तोफगोळ्याने मारला गेला.

शेरलॉक होम्सचं काय, असं कुणी विचारील. होम्स या भानगडीत पडत नाही. १९२४ च्या ससेक्समधल्या रक्तपिपासूच्या कथेत तो स्वच्छ सांगतो की आपला धंदा याच जगापुरता आहे. गंमत अशी की हे लिहिणारे कॉनन डॉयल स्वतः मात्र प्लँचेटवाले, आणि दोनच वर्षांपूर्वी पऱ्यांच्या फोटोंवर विश्वास ठेवून त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पात्र लेखकापेक्षा शहाणं निघालं!

आपल्या मराठीत या जातीचा माणूस म्हणजे नारायण धारपांचा समर्थ. गावच्या वाचनालयात शाळेच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात (वीज असायची, पण जायची) वाचलेले धारप अजून अंगावर येतात. पण समर्थ हा सिद्धपुरुष. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. इंग्रजीतलेही हे सगळे खाजगी गृहस्थ होते. पैसा बाळगून असलेले, जेवणानंतर मित्रांना किस्से सांगणारे. अगदी २००० साली अमेरिकेत जिम बुचरने शिकागोचा जादूगार-डिटेक्टिव्ह हॅरी ड्रेस्डेन आणला, तोही भाडं थकलेला का असेना, खाजगीच. पोलीस त्याला गरज पडली तर सल्ल्यासाठी बोलावतात.

आरोनोविचने काय केलं, तर भूत सरकारी खात्यात आणलं. रसेल स्क्वेअरला 'फॉली' नावाचं एक जुनं घर, त्यात नाइटिंगेल नावाचा शेवटचा सरकारी जादूगार, आणि पोलीस खात्याशी त्याचा एक जुना, कुणी फारसा उच्चार न करणारा करार. पीटर तिथे शिकाऊ म्हणून लागतो. लॅटिन पाठ करतो, जादू केल्यावर मोबाईलची चिप का जळते याचे प्रयोग मांडून नोंदी करतो, आणि ड्यूटी संपली की रिपोर्ट लिहितो. या जादूविद्येचं शास्त्र कुणी घालून दिलं? कादंबरी म्हणते, सर आयझॅक न्यूटन यांनी.

हे वाचून विज्ञानवाले चिडतील. पण जरा थांबा. न्यूटनने किमयेवर, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करण्याच्या विद्येवर, ढीगभर लिहून ठेवलं होतं. ते कागद १९३६ मध्ये लिलावात निघाले आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यातले बरेच विकत घेतले. आणि दुसरी गोष्ट आपल्या शाळेत कधी सांगितली नाही. १६९६ पासून न्यूटन टाकसाळीत सरकारी नोकर होता. टाकसाळ लंडनच्या टॉवरमध्ये. खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणं हा त्याच्या कामाचा भाग. आधी त्याने हे काम माझ्या गळ्यात नको म्हणून वरिष्ठांना अर्ज केला (हे ओळखीचं वाटलं). अर्ज फेटाळला गेला. मग मात्र लागला असा की विचारू नका. खबरे नेमले, तुरुंगांत जाऊन कैद्यांना प्रश्न विचारले, शेकड्याने जबान्या घेतल्या. त्या जबान्यांचे कागद लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात आजही आहेत. विल्यम शॅलोनर नावाचा सगळ्यांत हुशार नकली नाणेवाला, ज्याने पार्लमेंटसमोर टाकसाळीवरच आरोप करण्याची हिंमत केली होती, त्याच्यामागे न्यूटन दोनेक वर्षं लागला. मार्च १६९९ मध्ये शॅलोनर टायबर्नला फासावर गेला.

म्हणजे बघा, किमयाही तोच करतो आणि पंचनामाही तोच करतो. लंडनचा पहिला जादूगार-हवालदार शोधायला कल्पनेत जायची गरजच नव्हती. मला वाटतं या कादंबरीची खरी पकड इथे आहे. तिने दोन अशक्य गोष्टी एकत्र बांधल्या असं वरवर वाटतं, पण त्या शहराच्या दप्तरात त्या आधीपासून एकाच फाईलमध्ये होत्या.

आता नद्या. नाव नद्यांचं आहे आणि मी पानभर लिहूनही तिथे पोचलो नाही. टायबर्न हे फाशीचं ठिकाण, पण त्याआधी ते एका ओढ्याचं नाव. तो ओढा आज लंडनच्या श्रीमंत वस्तीखालून नळातून वाहतो. फ्लीट ही दुसरी. तिच्यावरून फ्लीट स्ट्रीट, वर्तमानपत्रांची गल्ली. अठराव्या शतकात ती टप्प्याटप्प्याने झाकली. क्लार्कनवेल भागात रस्त्यातल्या एका लोखंडी जाळीला कान लावला की खालून तिचं पाणी ऐकू येतं. भाचा मुद्दाम जाऊन ऐकून आला. १८५८ च्या उन्हाळ्यात खुद्द थेम्स इतकी घाण झाली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं औषध लावावं लागलं, आणि नाकापर्यंत आल्यावर सभासदांनी काही आठवड्यांत कायदा केला. मग बॅझलजेट या इंजिनिअरने प्रचंड गटारं बांधली. तरीही १९५७ मध्ये तिथल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयाने थेम्स मेली असं जाहीर केलं. पुढे ती सुधारली, मासे परतले.

कादंबरीत या सगळ्या नद्या देवता आहेत. म्हातारा थेम्सबाबा १८५८ च्या दुर्गंधीत शहर सोडून वरच्या अंगाला निघून गेला. खालची भरती-ओहोटीची नदी निर्वासित राहिली. ती जागा घेतली कुणी? नायजेरियाहून नर्स व्हायला आलेल्या, दुःखाने पाण्यात उतरलेल्या एका बाईने. आता ती थेम्समाता, आणि फ्लीट, टायबर्न, एफ्रा, बेव्हर्ली ब्रूक या तिच्या मुली. टायबर्न तर अशी वजनदार बाई झालीय की मंत्र्यांना फोन लावते. बाबा आणि माता यांच्यात हद्दीचा वाद. पीटरला नद्यांच्या सीमेचा तंटा मिटवायचा आहे, आणि पोलिसांकडे असल्या तंट्यासाठी फॉर्म नाही.

आपण गोंयकारांना यात नवल वाटत नाही, याचं इंग्रजांना नवल वाटेल. आपल्या गावच्या सीमेवर राखणदार रात्री फिरतो हे कुणी सांगावं लागत नाही. देवचाराला रोट, नारळ, विडी, सुरेची बाटली ठेवतात. म्हापशाच्या बोडगेश्वरासमोर व्हाणा वाहतात, कारण चालून चालून झिजतात. हातात दंडा, खांद्यावर कांबळ, ठरलेला बीट आणि रात्रपाळी. पीटर ग्रँटचं खातं आपल्याकडे कैक शतकं चालू आहे, फक्त पगार रोटाच्या रूपाने मिळतो.

पुस्तकात दोष आहेत. विनोद जरा जास्तच, पंचचा धागा शेवटी गुंततो, आणि लंडनच्या गल्ल्या इतक्या की नकाशा घेऊन बसावं लागतं. पण एक कल्पना त्यात अशी आहे की ती माझ्या मनातून जात नाही. जे घडतं त्याचा ठसा वस्तूत राहतो, आणि दगडात तो चांगला टिकतो. पीटर दगडावर हात ठेवून तो ठसा ओळखायला शिकतो.

मला एक दगड आठवला. बऱ्याच वर्षांमागे मी ज्या कचेरीत होतो, तिथे एका रस्त्याच्या रुंदीकरणाची फाईल माझ्या टेबलावर होती. जागेवरच्या वस्तूंची यादी मीच टाईप केली. वळणावर एक वड, त्याखाली शेंदूर लावलेला धोंडा, एक पणती, दोन जुन्या व्हाणा. गावातला एक आजो दर सोमवारी यायचा. वय ऐंशीच्या आसपास, हातात छत्री. म्हणायचा, "बाब, राखणदाराचें नांव घातलें?" मी त्याला फॉर्म वन-फोर्टीन दाखवायचो. कब्जेदाराचा रकाना आहे, कुळाचा आहे, इतर हक्कांचाही आहे, पण यात त्याला बसवू कुठे? आजो शांतपणे म्हणाला, मग तो मुंडकार. मी हसलो. पण घरी जाताना विचार केला, तर म्हातारा बरोबर होता. भाटकाराच्या भाटात राहून राखण करणारा तो मुंडकार, आणि १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला उठवता येत नाही. तीनचारशे वर्षांचा ताबा, राखणीचं काम, शेजाऱ्यांची साक्ष. याहून भक्कम केस मी पाहिली नव्हती.

तरी यादीत मी लिहिलं: "संकीर्ण: झाड १, दगड १." दुसरं काय लिहिणार होतो? वर सही व्हायची होती.

शेवटच्या सोमवारी मी त्याला सांगितलं की आजो, सगळ्यांना नोटिसा गेल्या, सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, आता हरकतीची मुदत संपली. तो छत्री उचलून उठला आणि दारात थांबून म्हणाला, "पूण ताका कोणें विचारलें?"

वड गेला. धोंडा गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घालून चाळीसेक पावलं आत नेऊन बसवला, त्यावर पत्र्याचं छप्पर केलं. आजो पुढच्या पावसात वारला. त्या रस्त्याने मी अजूनही कधीकधी जातो. आमची बस त्या वळणावर आली की ड्रायव्हर एक छोटा हॉर्न देतो, तिथल्या रिवाजाप्रमाणे. नव्या छपरापाशी नाही देत. आधी देतो, जिथे वड होता तिथे, जिथे आता नुसतं डांबर आहे.